राजकीय व्यंगचित्रकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यंगचित्र, हास्यचित्र, अर्कचित्र, भाष्यचित्र: फरक काय?

अर्कचित्र म्हणजे चेहऱ्याचा अर्क. नाक, भुवया, चालण्याची ढब यांतलं नेमकं तेवढं उचलायचं आणि वाढवायचं. हास्यचित्राचा कुणावर राग नसतो, शि. द. फडणीसांची शब्दांविना चित्रं पाहिली की हे पटतं. राजकीय व्यंगचित्राला, म्हणजे काही जण ज्याला भाष्यचित्र म्हणतात त्याला, मत असावं लागतं. अर्कचित्र झकास जमलं पण मत काहीच नाही, तर ते नेत्याला वाढदिवसाला भेट द्यायच्या कामाचं. नेते अशी चित्रं फ्रेम करून दिवाणखान्यात लावतातही.

माझं ड्रॉइंग बेताचं आहे. जमेल का? शिकायचं कुठे?

उपयोजित कलेचा चार वर्षांचा बीएफए हा नेहमीचा रस्ता. तिथे इलस्ट्रेशन, लेटरिंग, छपाई हे सगळं शिकायला मिळतं. राजकारण मात्र आपलं आपण शिकायचं. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं प्रवेश नाकारला होता, मग त्यांनी म्हैसूरला बी. ए. केलं. व्यंगचित्रकार वसंत सरवटे पेशानं इंजिनिअर. शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या ग्रेडवरून काही ठरत नाही, चांगली असो की वाईट.

तरी किमान हात हवाच. बसलेला, वाकलेला, पळणारा, हात जोडणारा माणूस समोर न बघता काढता यायला हवा. हाताचे पंजे, व्यासपीठ, माइक, एसटी, पोलीस व्हॅन, गर्दी हे रोजचं सामान. एसटी स्टँडवर रोज वीस मिनिटं स्केचिंग केलंत तर सहा महिन्यांत फरक दिसतो. वाचन त्याहून महत्त्वाचं. राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, माहीत नसेल, तर पक्षांतरावरचं चित्र खुर्च्यांच्या ओढाओढीपलीकडे जात नाही. एक तृतीयांश आमदारांच्या ‘फुटी’ची पळवाट २००३ च्या घटनादुरुस्तीनं बंद झाली आणि तेव्हापासून सगळं गणित दोन तृतीयांशवर आलं. हे माहीत असलेल्याला त्या आकड्यातच चित्र दिसतं.

रोजचं वेळापत्रक कसं असतं?

सकाळी किमान तीन मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र. अकरापर्यंत तीन विषय कागदावर. दुपारी एकपर्यंत रफ, म्हणजे कच्ची चित्रं, दोन-अडीचला ते संपादकांकडे. होकार आला की पेन्सिल, अक्षरं, शाई, रंग मिळून अडीच ते तीन तास. सहाच्या सुमारास फाइल रवाना. संपादकीय पान छपाईला लवकर सोडतात, पहिलं पान उशिरा. त्यातही लांबच्या तालुक्यांसाठीची डाक आवृत्ती आधी छपाईला जाते, शहर आवृत्ती मध्यरात्रीच्या आसपास. रात्री नऊला राजीनामा पडला तर शहर आवृत्तीसाठी चित्र बदलता येतं; डाक आवृत्तीच्या वाचकाला संध्याकाळचंच मिळतं.

म्हणून संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या वेळात उलटणार नाही असा विषय निवडणं हेच खरं कसब. २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठवा. उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याच्या बातम्या घेऊन पेपर घरोघरी पोचले, आणि वाचकाचा चहा होईपर्यंत राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकलेला. आदल्या संध्याकाळी ज्यांनी ‘कोण मुख्यमंत्री’ यावर चित्र काढलं, त्यांचं चित्र शिळं झालं. ज्यांनी ‘मतदाराला कुणी विचारलं का’ यावर काढलं, त्यांचं टिकलं. असे दिवस येणार हे दिसत असेल तर दोन चित्रं तयार ठेवा.

कल्पना सुचते कशी? रोज कशी सुचणार?

वाट बघून सुचत नाही. ती पद्धतीनं काढावी लागते, आणि पद्धत शिकता येते.

एक विषय घेऊ: ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. पहिली कल्पना सगळ्यांना तीच सुचते: कांदा आणि डोळ्यांत पाणी. गृहिणी रडतेय, शेतकरी रडतोय, नेता रडतोय. ही लगेच फेकून द्यायची, कारण उद्या चार पेपरांत तीच असणार. दुसरी कल्पना कांद्याच्या पाकळ्यांची: एकेक पदर काढत जावं आणि आत काहीच नाही. ती कुठल्याही घोटाळ्याला चालते, म्हणजे या बातमीची नाही. मग कागदावर एकच प्रश्न लिहायचा: या निर्णयात कोण काय करतंय आणि किंमत कोण मोजतंय? निर्णय दिल्लीत, फटका लासलगावात. आता पुन्हा त्या घासून गुळगुळीत झालेल्या प्रतिमेकडे या. कांदा चिरणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं हा रोजचा अनुभव, तो मोडायचा. मंत्री टेबलाशी आरामात कांदा चिरतोय, सुरीवर ‘निर्यातबंदी’, डोळे कोरडे. मागे लांबवर ट्रॉलीशेजारी उभ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांतून धारा. सुरी एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे. एक शब्द लागला, संवादाचा फुगा एकही नाही.

पुढचं काम तपशिलाचं. लासलगावला कांदा ट्रॉलीत मोकळा येतो. तुम्ही गोण्यांची थप्पी काढलीत तर नाशिककडचा वाचक हसेल, पण तुम्हाला. टोपी, मिशी, धोतर घातलेला शेतकरी काढायची सवयही सोडा. आजचा कांदा उत्पादक पँट-शर्टात असतो आणि त्याच्या हातात मोबाइल असतो.

चित्र पूर्ण झालं की सुरीवरचा शब्द अंगठ्यानं झाका आणि घरातल्या कुणाला दाखवा. अर्धं कळलं तरी पुरे. काहीच कळलं नाही तर कल्पना कच्ची आहे, आणि पाट्या-लेबलं वाढवून ती पक्की होत नाही. प्रत्येक वस्तूवर नाव लिहिलेलं चित्र म्हणजे नकाशा.

नेत्याचा चेहरा पकडायचा कसा?

फोटोवरून ट्रेस करू नका. छायाचित्राचा हक्क दुसऱ्याचा असतो हे एक, आणि कॅमेऱ्यासाठी केलेलं हसू हा त्या माणसाचा सगळ्यात खोटा चेहरा असतो हे दुसरं. त्यापेक्षा त्याचं भाषण आवाज बंद करून दहा मिनिटं बघा. मान कुठे वळते, हात कुठे थांबतो, उपरणं कसं सावरतो. मग व्हिडिओ बंद करून आठवणीतून वीस-तीस वेळा काढा. जे प्रत्येक वेळी आपोआप येतं तेच त्या चेहऱ्याचं मर्म.

नंतर चित्र लहान करून डोकं दोन सेंटिमीटरवर आणा. तिथेही ओळखू आलं तरच पॉकेट कार्टूनमध्ये, म्हणजे छोट्या चौकटीतल्या रोजच्या चित्रात, चालेल. समोरून, बाजूनं, पाठमोरा असा एक तक्ता करून ठेवा. पाठमोरा सगळ्यात जास्त लागतो आणि नेमका तोच कुणी करून ठेवत नाही. नवा नेता आला की पहिला महिनाभर वाचकालाच चेहरा पाठ नसतो. तेव्हा हातातल्या फायलीवर नाव टाकायला लाज बाळगू नका. अपंगत्व, रंग, जात यांवर चेहरा उभारू नये. त्यातून नेत्यापेक्षा त्याच्यासारखे दिसणारे लाखभर लोक दुखावतात आणि नेता सुटतो.

साहित्य कोणतं? की थेट आयपॅड?

दोन्ही चालतं. कागदावर काढणार असाल तर जाड कार्ट्रिज किंवा आयव्हरी कागद, वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक, बारीक रेषेसाठी बुडवायची निब, जाड-बारीक रेषेसाठी २ किंवा ३ नंबरचा गोल ब्रश, चुकांसाठी पांढरा पोस्टर कलर. कच्चं चित्र फिकट निळ्या पेन्सिलीनं केलं तर स्कॅन करताना ते सहज उडवता येतं, खोडरबरानं शाई फिकी होत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कागद दमट होतो आणि रेषेला केस फुटल्यासारखी शाई पसरते. त्या दिवसाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, नाहीतर आदल्या रात्री टेबललॅम्पखाली.

टॅब्लेटवर वेळ वाचतो, दुरुस्ती सोपी होते. धोका एकच: झूम. चारशे टक्क्यांवर कोटाची शिलाई काढत बसता आणि छापून आल्यावर तिथे काळा डाग दिसतो. दर पंधरा मिनिटांनी छापील आकारात बघायची शिस्त लावून घ्या. ब्रशची रेष शिकायची असेल तर वर्षभर तरी कागदावर काढा, असा आमचा आग्रह आहे. बाळासाहेब ठाकऱ्यांच्या चित्रांतली एकाच फटकाऱ्यात जाडीवरून बारीक होत जाणारी रेष बघा. ती मनगटात असते, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नाही.

आकार आणि फाइल कशी द्यायची?

प्रत्येक पेपरची कॉलमची रुंदी वेगळी, पहिल्याच दिवशी पान लावणाऱ्याकडून मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. आठ कॉलमच्या मोठ्या पानावर एक कॉलम साधारण चार सेंटिमीटर धरा. मूळ चित्र छापील आकाराच्या दीडपट काढा. दुपटीहून मोठं काढलं की लहान करताना रेषा मरतात.

नुसतं काळं-पांढरं रेखाचित्र ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) बिटमॅप, म्हणजे प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा; करड्या छटा किंवा रंग असतील तर छापील आकारात ३०० डीपीआय, रंगीत फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत. वृत्तपत्राचा कागद शाई पितो, त्यामुळे ठिपके फुगतात आणि पडद्यावरचा मध्यम करडा छापताना गडद होतो. छटा दहा-पंधरा टक्क्यांनी हलक्या ठेवा. सगळ्यात जास्त होणारी चूक: काळी रेष चारही रंगांची बनवणं. यंत्रावर प्लेटा केसभर सरकल्या की रेषेच्या बाजूनं लाल-निळी झालर दिसते. बाह्यरेषा आणि अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर, शंभर टक्के. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोटो’ म्हणून पाठवू नका, ती दाबून लहान केली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा मेलनं पाठवा.

फुग्यातली अक्षरं हातानं की टाइप करून?

हातानं. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे इंग्रजी कॉमिक्ससारख्या खेटून ओळी लिहिल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. अक्षराची उंची पाच मिलिमीटर असेल तर वर चार आणि खाली तीन मिलिमीटर मोकळे सोडा. आधी अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा. उलट केलं की शेवटचा शब्द चिरडतो. मजकूर बारा-पंधरा शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नका.

अनुस्वार ठसठशीत द्या. छपाईत तो उडाला की ‘मंत्री’चा ‘मत्री’ होतो. शुद्धलेखन स्वतः तपासा, कारण तुमचं चित्र मुद्रितशोधकाच्या हाताखालून जातच नाही. आणि गेलं तरी त्याला त्यात दुरुस्ती करता येत नाही. टाइप करायचंच असेल तर युनिकोड फाँट वापरा आणि पाठवण्याआधी अक्षरांचं आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाका. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते, आणि हे रात्री साडेनऊलाच कळतं.

संपादकांनी चित्र नाकारलं तर?

नाकारणारच. म्हणून भांडण रफच्या पायरीवर करा, शाई झाल्यावर नाही. तीन रफ द्या, त्यात तुम्हाला खरं हवं असलेलं एक आणि खरोखर चालेल असं दुसरं. तिसरं कच्चं देऊन चतुराई करू नका. नेमकं तेच निवडलं जातं. संपादकांनी स्वतःची कल्पना ‘फक्त काढून द्या’ म्हणून दिली तर एकदा-दोनदा चालवून घ्या, सवय लागू देऊ नका. नोकरीत असाल तर नाकारलेलं चित्र त्याच रात्री सोशल मीडियावर टाकण्याआधी करार वाचा.

सगळीच नकारघंटा संपादकांकडून येते असं नाही. आणीबाणीत सेन्सॉर होता. तरीही १० डिसेंबर १९७५ ला ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अबू अब्राहम यांचं ते प्रसिद्ध चित्र छापून आलं: राष्ट्रपती बाथटबमध्ये, दाराच्या फटीतून सहीसाठी आलेला कागद, आणि आणखी वटहुकूम असतील तर थोडं थांबायला सांगा अशा अर्थाचं वाक्य. टबातून बाहेर आलेला तो ओला हात नीट बघा. सगळं भाष्य त्या हातात आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४८ पासून चालवलेलं ‘शंकर्स वीकली’ बंद केलं.

कायद्यानं कुठे अडकू शकतो?

बदनामी हा नेहमीचा धाक. भारतीय न्याय संहितेत कलम ३५६. मत मांडायला मोकळीक आहे, पण चित्रातून विशिष्ट व्यक्तीनं विशिष्ट गुन्हा केल्याचं ‘तथ्य’ दिसत असेल तर हाताशी कागद हवेत. धर्म-समाजांत तेढ (कलम १९६) आणि धार्मिक भावना दुखावणं (कलम २९९) ही पुढची दोन. राष्ट्रध्वज, राज्यघटना आणि राजमुद्रा यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत, १९७१ चा आणि २००५ चा. सिंहाच्या जागी दुसरा प्राणी काढण्याआधी वकिलाला फोन करा.

व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. पुढे ते कलम त्यांच्यावरून मागे घेतलं गेलं आणि त्या प्रकरणाच्या निमित्तानं २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राजद्रोह लावण्यावर पोलिसांना मर्यादा घालून दिल्या. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन मजकुरावरून गुन्हा लावणारं, कलम ६६अ रद्द केलं. आता राजद्रोह नावानं नाही, पण संहितेतलं कलम १५२ आहे.

कायद्याच्या पलीकडचंही एक उदाहरण ध्यानात ठेवा. २८ ऑगस्ट १९४९ ला शंकर यांनी घटनानिर्मितीच्या संथ गतीवर चित्र काढलं: राज्यघटनेच्या गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर हातात चाबूक घेऊन, त्यांच्या मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. ते चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आलं आणि २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचं समर्थन होऊ शकत नाही. पण आंबेडकरांच्या पाठीमागे उगारलेला चाबूक १९४९ च्या दिल्लीतल्या वाचकाला जसा दिसला, तसा तो आजच्या दलित विद्यार्थ्याला दिसणार नाही, हे चित्रकारानं आधीच ओळखायला हवं. चाबूक, साखळी, झाडू, जोडा: या वस्तू काढताना दोनदा विचार करा.

पोट भरतं का?

फक्त यावर, फार थोड्यांचं. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यानं ‘पत्रकार’ या व्याख्येत व्यंगचित्रकाराचा नावानिशी समावेश केला होता. २०२० च्या कामगार संहितांनी तो कायदा पोटात घेतला. पण व्याख्येत नाव असून उपयोग काय, पगारावरच्या जागाच कमी झाल्या. हे जगभर चाललंय: ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं १ जुलै २०१९ पासून आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रं बंद केली. बहुतेक जण दर चित्रामागे मानधन घेतात आणि जोडीला पुस्तकांची चित्रं, जाहिरात, स्टोरीबोर्ड, शिकवणं असं काहीतरी करतात. दिवाळी अंक हा मराठीतला खास हंगाम, पण ती चित्रं जुलै-ऑगस्टमध्येच द्यावी लागतात आणि पैसे दिवाळीनंतर येतात, आले तर. म्हणून जुलै-ऑगस्टमधल्या घटना धरून राजकीय चित्र काढू नका. अंक निघेपर्यंत मंत्री बदललेला असतो.

चित्राचा हक्क कुणाचा?

नोकरीत असाल तर वृत्तपत्रात छापण्यापुरता मालकांचा, बाकी बाबतीत तुमचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये असंच आहे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. करारात नेमकं वेगळं लिहिलेलं असतं, म्हणून तो वाचा. बाहेरून चित्रं देत असाल तर ‘एकदा छापण्यापुरते हक्क’ असं प्रत्येक बिलावर लिहा. हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. सही चित्राच्या आत, कापता येणार नाही अशा जागी करा. कोपऱ्यातली सही व्हॉट्सअ‍ॅपवर पहिली उडते.

‘कॉमन मॅन’सारखं स्वतःचं पात्र तयार करावं का?

घाई नको. लक्ष्मण १९४७ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त होते, ‘यू सेड इट’ हे पॉकेट कार्टून १९५१ मध्ये सुरू झालं. त्यातला ‘कॉमन मॅन’ म्हणजे चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, आणि तोंडातून एक शब्द नाही. तो बोलत नाही म्हणूनच टिकला; वाचक त्याच्या जागी स्वतःला उभा करू शकला. नवखे लोक पात्राला शहाणपणाची वाक्यं देतात आणि महिन्याभरात त्याचा शिक्षक होतो. आधी दोनशे चित्रं पात्राविना काढा. गर्दीत तोच एक चेहरा आपोआप परत परत येऊ लागला तर त्याला पुढे आणा.

कुणाची चित्रं अभ्यासावीत?

ब्रिटनमधला व्यंगचित्रकार डेव्हिड लो पहिला. लक्ष्मण आणि ठाकरे दोघांवरही त्याचा ठसा आहे, आणि दोघं ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये सहकारी होते. ठाकऱ्यांनी १९६० मध्ये काढलेल्या ‘मार्मिक’चे जुने अंक ग्रंथालयात मिळाले तर मुखपृष्ठांची मांडणी बघा, त्यांच्या राजकारणाशी मतभेद असले तरी. गर्दी कशी रचायची हे गोव्याच्या मारिओ मिरांडांकडून. मराठीत विकास सबनीस, मंगेश तेंडुलकर. पाहताना चित्राच्या तारखेचा त्या दिवशीचा पेपरही काढून वाचा, नाहीतर नुसती रेषाच हाती लागते.

जुनी चित्रं कशी जपायची?

आम्लविरहित कागदाच्या फोल्डरमध्ये, आडवी, सेलोटेप न लावता. टेप दहा वर्षांत पिवळी पडते आणि शाई सोबत घेऊन निघते. स्कॅनच्या दोन प्रती, त्यातली एक घराबाहेर. प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीनं तारीख, आवृत्ती, त्या दिवशीच्या बातमीची एक ओळ आणि चित्रातल्या माणसांची नावं लिहा. आज ती लिहिणं वेडेपणाचं वाटतं. वीस वर्षांनी डावीकडून तिसरा राज्यमंत्री कोण, ते तुम्हालाही सांगता येत नाही.